मागच्या कप्प्यातलं दूध

लासुर्णे
१४ ऑक्टोबर २०२५

प्रिय रोहिणी,

आधी एक दुरुस्ती. गेल्या आठवड्यात तुला लिहिलं ते घाईत लिहिलं आणि त्यातलं एक वाक्य चुकलं आहे. "मी आमच्या गावचा अख्खा टँकर नापास करून परत पाठवला" असं मी लिहिलं होतं. अख्खा नाही. आणि परतही पाठवला नाही. लखन ड्रायव्हरच्या टँकरला मधे पत्र्याचा पडदा आहे, त्यामुळे त्याचे दोन कप्पे होतात. पुढच्या कप्प्यात दुसऱ्या दोन गावांचं दूध होतं, ते पास झालं. मागच्या कप्प्यात फक्त दादासोतात्यांच्या संकलन केंद्राचं होतं, सहाशे वीस लिटर. तेवढंच नापास झालं. ते परत गेलं नाही, एमआयडीसीतल्या आमच्या डेअरीच्या गटारात गेलं. ओतायच्या कागदावर सही माझी आहे.

एवढ्याशा फरकासाठी दुसरं पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण गेला आठवडा मला ते "अख्खा" टोचत होतं. फोन केला असता, तर आमच्या घरात फोन म्हणजे स्पीकर. आबांना एका कानानं कमी ऐकू येतं, त्यामुळे माझं प्रत्येक बोलणं अंगणात जातं. आणि अंगणाच्या पलीकडे चुलत्यांचं, म्हणजे तात्यांचंच घर आहे.

आता सगळं नीट लिहिते. सहा तारखेला कोजागिरी होती. कोजागिरीला गावात दूध घरात ठेवतात, हे तुला सांगायला नको, तुमच्या कन्हेरीतही तेच असणार. रोज तात्यांच्या केंद्रावरून अठराशे लिटर येतं, त्या दिवशी सहाशे वीस आलं. मी पहिल्या पाळीला होते. दुधात सोडा आहे का हे बघायची साधी तपासणी असते: नळीत दूध, तेवढंच अल्कोहोल आणि रंगाचे दोन-तीन थेंब. दूध चांगलं असेल तर मातकट रंग येतो, सोडा असेल तर गुलाबी. मागच्या कप्प्याचं गुलाबी आलं. मी नळ्या बदलून तीन वेळा केलं. तिन्ही वेळा गुलाबी.

विजयसिंह सर म्हणजे आमचे प्लँट मॅनेजर. त्यांनी नळी उजेडात धरली आणि म्हणाले की वीस वर्षं हेच बघतोय. कोजागिरीला दूध कमी पडतं, केंद्रावरच्या कूलरमधला ढवळायचा पंखा त्यात बुडत नाही, थंड न झालेलं दूध आंबायला लागतं, मग नासू नये म्हणून कोणीतरी धुण्याच्या सोड्याची मूठ टाकतं. मला ते पटलं. इतकं बरोबर जुळत होतं की न पटायला जागाच नव्हती.

तात्यांना बोलावलं. ते मोटारसायकलवर आले, डोक्याला बांधलेली फडक्याची टापशी तशीच. सरांनी त्यांना काय काय ऐकवलं ते लिहीत नाही. तात्यांनी सरांकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "राजू, तू सोताच्या डोळ्यानं बघितलंस नव्हं? मग आसंल. तू खोटं कशाला सांगशील."

रोहिणी, ते भांडले असते तर मला सोपं गेलं असतं. आमच्या घरात आबा दुसरी शिकलेले, आई शाळेची पायरी चढलेली नाही. बारावीच्या परीक्षेला मला रोज वालचंदनगरला तात्यांनी नेलं, दुधाच्या गाडीत, कॅनांच्या मधे बसवून. पोरगी केमिकल करणार म्हणजे खताचं दुकान टाकणार का, असं भावकी विचारायची तेव्हा तात्या सांगायचे, "इंजिनेर हुणार हाय ती. कसली, ते तिलाच इचारा."

आता केंद्र बंद आहे. चौदा नोव्हेंबरला डेअरीत सुनावणी आहे, त्यात तात्यांचा केंद्र क्रमांक कायमचा रद्द करायचा की नाही ते ठरेल. आणि पंधरा नोव्हेंबरला माझे प्रशिक्षणाचे सहा महिने संपतात, मला कायम करायचं की नाही ते ठरेल. सरांनी माझं पाणीबचतीचं काम फोटोसकट फलकावर लावलं आहे: टँकर धुताना शेवटचं साधं पाणी आठ मिनिटं सोडायचे, मी गणित करून ते पाचवर आणलं. रोज तीन हजार लिटर पाणी वाचतं. एक सप्टेंबरपासून चालू आहे. कायम झाले तर त्यावरच होईन.

आपल्या वर्गातल्या साठ जणांत प्रत्यक्ष यंत्राजवळ उभे राहणारे किती उरले, मी परवा मोजले. अकरा. त्यात मुली दोन, तू आणि मी. बाकीचे हिंजवडीत संगणकावर, किंवा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत. सात ठिकाणी मला एकच वाक्य ऐकवलं, "मुलींना आम्ही पाळीवर घेत नाही." इथं मी तुझं उदाहरण दिलं म्हणून घेतलं. माझी मैत्रीण अंकलेश्वरला तिन्ही पाळ्यांना उभी राहते, असं मी सरांना सांगितलं होतं.

दुरुस्ती पोचली की कळव.

तुझी,
राजेश्वरी


अंकलेश्वर
२० ऑक्टोबर २०२५

दुरुस्तीसम्राज्ञी राजेश्वरीबाई यांस,

दुरुस्ती पोचली. रीतसर नोंद केली. हॉस्टेलवर तू माझ्या वहीत उसनी घेतलेली साखर किती चमचे ते लिहून ठेवायचीस, आणि नंतर खोडून "सपाट चमचे" असं करायचीस, त्याची आठवण झाली.

पण तुझ्या दुरुस्तीनं तुझीच बाजू पक्की झाली, हे तुझ्या लक्षात आलं का? एकच टँकर, एकच ड्रायव्हर, एकच दिवस. पुढचा कप्पा पास, मागचा नापास. म्हणजे दोष टँकरचा नाही, दुधाचाच. मी तुझ्या सुनावणीला असते तर एवढंच सांगून खाली बसले असते. स्वतःच्या चुलत्याचं दूध ओतायला छाती लागते. मी इथं मुलींना सांगितलं, त्या म्हणाल्या अशी मैत्रीण आम्हाला पण पाहिजे. मी म्हटलं, साखर मोजून घेते, परवडणार नाही.

तात्यांचं वाईट वाटतं. पण त्यांनी नसेल घातला तर त्यांच्या केंद्रावर दूध घालणाऱ्या कोणीतरी घातला असेल. ते त्यांनी शोधावं, तू नाही.

एक आपलं सहज विचारते. आमच्याकडे एक माल काढून भांडं धुतलं की धुतल्याचं शेवटचं पाणी तपासतात. त्यावर सही झाल्याशिवाय पुढचा माल भरत नाहीत. तुमच्याकडे टँकरचं शेवटचं पाणी कोण बघतं? का दुधाला एवढे लाड नाहीत?

रात्रपाळी आहे, म्हणून एवढंच. चकल्या कुरिअरनं पाठवू नकोस, गेल्या वर्षी भुगा आला होता. पाठवायच्याच तर शंकरपाळ्या.

तुझी,
रोहिणी


लासुर्णे
२७ ऑक्टोबर २०२५

प्रिय रोहिणी,

तू विचारलंस, टँकरचं शेवटचं पाणी कोण बघतं. कोणी बघत नाही. बघायला हवं होतं ते मी.

तुझं पत्र भाऊबीजेला आलं. मी ते वाचलं आणि तुझा तो प्रश्न दोन दिवस डोक्यात राहिला. शनिवारी, पंचवीस तारखेला, लखनचा टँकर रिकामा झाल्यावर नेहमीसारखा धुवायला लावला. आधी कॉस्टिक सोड्याचं पाणी, मग पाच मिनिटं साधं पाणी. धुऊन झाल्यावर मी लखनला म्हटलं, मागच्या कप्प्याचा नळ परत उघड. तो म्हणाला, ताई, आता काय ऱ्हायलंय त्यात. मी खाली स्टीलचं भांडं धरलं. पाणी आलं. थोडं नाही, तीन-चार बादल्या. मी त्यातलं नळीत घेतलं आणि फिनॉल्फ्थेलीनचे दोन थेंब टाकले.

बारावीच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा तो रंग बघितला तेव्हा मला केमिकल करावंसं वाटलं होतं. तोच रंग. गडद गुलाबी.

पुढच्या कप्प्याचं पाणी घेतलं. त्याला रंग आला नाही.

तुला कळलं असेल, तरी लिहिते, म्हणजे पुढं दुरुस्ती करावी लागणार नाही. आमचे दहा टँकर आहेत. मी नऊ मोजले आणि त्यावर गणित केलं. नवांना मधे पडदा नाही. दहावा लखनचा, तो त्या आठवड्यात दुरुस्तीला गेला होता, आणि मी तोही तसाच असेल असं धरलं. त्याच्या मागच्या कप्प्याचा तळ थोडा खचला आहे. तिथं कॉस्टिकचं पाणी साचतं. आठ मिनिटांत ते वाहून जात होतं. माझ्या पाच मिनिटांत जात नाही. त्यात दुसऱ्या दिवशी तात्यांचं दूध पडायचं. रोज अठराशे लिटर पडायचं तेव्हा ते इतकं पातळ व्हायचं की तपासणीत दिसत नव्हतं. कोजागिरीला सहाशे वीसच पडलं, म्हणून दिसलं. दिसत नव्हतं तेव्हाही ते होतं. पाच आठवडे होतं. ते दूध लोक प्यायले आहेत. मी हे सतरा वेळा मोजलं आणि दर वेळी "धोक्याइतकं नाही" असंच उत्तर येतं. तरी मी परत मोजते.

म्हणजे तू म्हणालीस ते उलटं आहे. पुढचा कप्पा पास आणि मागचा नापास हा तात्यांच्या विरुद्धचा पुरावा नव्हता. तो माझ्या विरुद्धचा होता.

आता मी काय केलं ते सांगते. मी धुण्याच्या यंत्रावर पाचाचे परत आठ केले. कोणालाही सांगितलं नाही. यंत्र विचारत नाही, आकडा बदलला की बदलला. लखनला म्हटलं, नळात कचरा होता का बघत होते. आता मागचा कप्पा रोज स्वच्छ निघतो, आणि माझ्या चुकीचा पुरावाही त्याबरोबर धुऊन निघाला. हे मला आकडा बदलताना कळत होतं. नंतर कळलं असं लिहिलं तर ते खोटं होईल.

तू म्हणालीस, कोणी घातला ते तात्यांनी शोधावं. त्यांनी शोधलं आहे. माझ्या तपासणीवर त्यांचा इतका विश्वास की सोडा पडला हे त्यांनी धरूनच चाललं, आणि तो कोणाच्या घरून आला एवढंच शोधत राहिले. आमच्या आळीच्या टोकाला छबूबाई राहतात. एकट्या. दोन गायी. त्या कॅन धुण्याच्या सोड्यानं घासतात, बाकीचे साबणानं. तेवढ्यावरून ठरलं. केंद्र बंद असल्यापासून गावचं दूध एका खासगी गाडीला जातं, आणि तात्यांनी गाडीवाल्याला सांगितलं की छबूबाईचं घेऊ नको, नाहीतर परत गावाचं नाव जाईल. तीन आठवडे त्यांचं दूध कोणी घेत नाही. गल्लीतली पोरं त्यांना "सोडावॉटर" म्हणतात.

पाडव्याच्या सकाळी त्या आमच्या दारात आल्या. हातात तांब्या होता. आईनं बस म्हटलं तर बसल्या नाहीत. मला म्हणाल्या, "बाई, तुज्या त्या नळीत माजं दूध घालून बघ की."

पाडव्याला मला टँकरचं काही माहीत नव्हतं, हे लक्षात घे. तरी माझ्या पिशवीत सामान होतं. मी ओट्यावर तपासणी केली. मातकट रंग आला. मी म्हटलं, चांगलं आहे दूध.

"मग त्येला सांग."

मी म्हटलं, आजचं चांगलं आहे, त्यावरून कोजागिरीच्या दिवशीचं सांगता येत नाही. शास्त्राच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. त्या म्हणाल्या, "शिकल्याल्या मानसाला लई वाटा असत्यात बग, निसटायला." तांब्यातलं दूध त्यांनी आमच्या तुळशीत ओतलं आणि गेल्या.

तीन दिवसांनी मी तो नळ उघडला. त्यानंतर त्यांच्या दारावरून रोज दोनदा स्कूटर नेते.

सांग मी काय करू. सरांना सांगितलं तर ते म्हणतील मुलीला पाळीवर घेतली तिथंच चुकलं. एका मुलाचं गणित चुकलं तर गणित चुकतं. माझं चुकलं तर पुढच्या वर्षी इथं मुलगीच येणार नाही.

आणि एक विचारायचं आहे, रागावू नकोस. तुझं पत्र छापील कागदाच्या पाठीवर होतं. पुढच्या बाजूला सुरक्षा प्रशिक्षणाच्या हजेरीचा तक्ता आहे, आणि त्यातलं अक्षर तुझं आहे. तारीख तुझ्या पत्राचीच, वेळ सकाळी दहा. तू रात्रपाळीला होतीस, तर सकाळी दहाला हजेरी कशी भरत होतीस?

तुझी,
राजेश्वरी


अंकलेश्वर
१ नोव्हेंबर २०२५

राजी,

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देते. आधी तुझं.

गप्प बस. हे मी रागानं नाही, शांतपणे लिहिते आहे. टँकर आता स्वच्छ निघतो ना? मग जी खरी चूक होती ती तू सुधारलीस. इंजिनियरचं काम तेच. बाकी राहिली ती माणसांची अब्रू. ती वाचवायला तुझा बळी द्यायची गरज नाही, दुसरा मार्ग आहे. तू चौदा तारखेच्या आधी एक साधा अहवाल दे: लखनच्या टँकरच्या मागच्या कप्प्याचा तळ खचला आहे, पाणी साचतं, टँकर दुरुस्तीला पाठवावा. खोटं काही नाही त्यात. सुनावणीत कोणीतरी दोनात दोन मिळवेल आणि तात्या सुटतील. पाच मिनिटं आणि आठ मिनिटं हा विषय निघणारच नाही. टँकर कंत्राटदाराचा आहे, तुझा नाही.

तुझं ते "मुलगीच येणार नाही" हे वाक्य मी चार वेळा वाचलं. तू ते छबूबाईंच्या बाजूनं लिहिलंस की गप्प बसण्याच्या, मला कळलं नाही. मी ते गप्प बसण्याच्या बाजूनं वाचते.

आता हजेरीचं.

मी पाळीला नाही. कधीच नव्हते. इथं आले त्या आठवड्यात मला प्लँट फिरून दाखवला, डोक्यावर टोपी घालून फोटो काढला, तोच मी तुला पाठवला होता. मग सुरक्षा विभागात बसवलं. मी हजेरी भरते. टोप्या किती वाटल्या, बूट किती परत आले, ते लिहिते. ज्या भांड्यांच्या शेवटच्या पाण्याबद्दल मी तुला ऐटीत लिहिलं ते मी फायलीत वाचलेलं आहे. दीड वर्ष झालं. दोनदा अर्ज केला. पहिल्या वेळी म्हणाले स्त्रियांसाठी रात्रीची बस नाही. दुसऱ्या वेळी म्हणाले तुम्ही फायली इतक्या छान ठेवता, तुमच्या जागी कोण मिळणार.

घरी सांगितलं असतं तर आई म्हणाली असती, हजेरीच भरायची तर बारामतीत भर, स्थळं बघायला बरं. म्हणून घरी रात्रपाळी सांगितली. घरी सांगितली म्हणून तुलाही सांगितली. मग तू माझं उदाहरण देऊन नोकरी मिळवलीस, आता मी काय सांगणार होते?

तर साठांत दोन नाहीत. एकच आहेस. म्हणून म्हणते, गप्प बस. माझ्यासाठी तरी.

रोहिणी

(शंकरपाळ्या अख्ख्या पोचल्या.)


लासुर्णे
५ नोव्हेंबर २०२५

प्रिय रोहिणी,

आज त्रिपुरी पौर्णिमा. कोजागिरीला महिना झाला.

तू सुचवलेला अहवाल मी लिहिला. खरंच लिहिला, शुद्ध करून लिहिला. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि तो वाचल्यावर कोणालाही वाटलं असतं की चूक लखनच्या टँकरची आहे. लखन तो टँकर चार वर्षं तसाच चालवतो आहे. तळ चार वर्षांपूर्वीच खचला होता, आठ मिनिटांत तो धुऊन निघत होता. कंत्राटदारानं उद्या त्याला काढलं असतं तर तो माझ्याकडे येऊन म्हणाला असता, ताई, तुम्ही बघितलं असेल तर असेल. हे वाक्य मला दुसऱ्यांदा ऐकायचं नाही. अहवाल फाडला.

मग मी तात्यांकडे गेले. सरांच्या आधी त्यांना सांगायला हवं असं वाटलं. ते गोठ्यात होते, म्हाळसाकाकू धार काढत होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं: पडदा, पाच मिनिटं, साचलेलं पाणी. तात्यांना पाच आणि आठचं समजलं नसेल असं मला वाटलं, म्हणून मी परत सांगायला लागले. त्यांनी हात वर केला.

"मंजी छबूबाईचं न्हवतं."

मी म्हटलं, नव्हतं. तुमचंही नव्हतं.

"माजं ऱ्हाऊ दे. तुला कवा कळलं?"

मी तारीख सांगितली.

"अकरा दिस. अकरा दिस तू तिच्या दारावनं गाडी नेलीस."

मी म्हटलं, माझी नोकरी कायम व्हायची होती. ते वाक्य तोंडातून निघालं तेव्हा गोठ्यात फार लहान वाटलं. काकूंनी धार थांबवली नाही. तात्यांनी चपला घातल्या आणि छबूबाईंच्या घराकडे गेले. मला चल म्हणाले नाहीत. मी मागून गेले. छबूबाई दारात त्रिपुरीच्या पणत्या लावत होत्या. तात्या ओसरीच्या खाली उभे राहिले, वर चढले नाहीत. म्हणाले, "वैनी, चुकलं माजं."

छबूबाई म्हणाल्या, "तुजं न्हाय, हिचं." म्हणजे त्यांना माहीत होतं. कसं, ते मी विचारलं नाही. पाडव्याच्या सकाळी ओट्यावर माझं तोंड बघूनच कळलं असेल असं आधी वाटलं, पण तेव्हा तर मलाच माहीत नव्हतं. मग नंतर. रोज दारावरून जाताना मी मान खाली घालायला लागले, तेव्हा. तात्यांकडे त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "बस. च्या घे. गायींचं दूध घरातच हाय, कुनी नेत न्हाय." तात्या बसले. मला बस म्हणाल्या नाहीत. मी पणत्यांजवळ उभी राहिले आणि चहा होईपर्यंत तशीच राहिले.

तुझ्याबद्दल. तुझं पत्र वाचून मला पहिल्यांदा राग आला, हे लिहायलाच हवं. तुझं नाव सांगून मी ही नोकरी मिळवली होती. मग विचार केला. तू पाळीला उभी राहतेस हे खोटं होतं, पण त्या खोट्यावर मी उभी राहिले, आणि मी सहा महिने खरोखर उभी राहिले आहे. ही एक दुरुस्ती मी कोणालाही सांगणार नाही. ती तुझी आहे, तू कर. तिसऱ्यांदा अर्ज कर आणि त्यात लिही की फायली इतक्या छान ठेवणारी मुलगी भांडी त्याहून वाईट धुणार नाही.

"मुलगीच येणार नाही" हे मी कोणत्या बाजूनं लिहिलं, तू विचारलंस. गप्प बसण्याच्या बाजूनं. तेव्हा मला तसं वाटत नव्हतं, तू विचारल्यावर कळलं. मी सांगितलं नाही आणि पुढच्या वर्षी कोणी तो तळ तपासला, तर लोक म्हणतील मुलगी चुकली आणि लपवलं. सांगितलं तर निदान अर्धंच म्हणता येईल. हे धैर्य आहे असं समजू नकोस. मला रात्री झोप येत नाही आणि जेवण जात नाही. पण या अकरा दिवसांनंतरही सरांपासून लपवलं तर पुढचे दिवस मला मोजता येणार नाहीत.

नुसतं बोलून सर मानणार नाहीत. वीस वर्षं त्यांनी सोड्याची मूठच बघितली आहे. म्हणून दाखवावं लागेल, आणि पुरावा मीच धुऊन टाकला आहे, तो मलाच परत तयार करावा लागेल. सर शनिवारपर्यंत ऑडिटसाठी पुण्यात आहेत. रविवारी त्यांची सुट्टी. तोपर्यंत मी यंत्राला हात लावणार नाही. ते आल्यावर त्यांच्या परवानगीनं, त्यांच्या समोर, एकदाच आठाचे पाच करीन. लखनचा टँकर धुऊन होईल. मग मागचा नळ सरांनी स्वतःच्या हातानं उघडायचा आणि थेंबही त्यांनीच टाकायचे. मी फक्त नळी धरीन. तो कप्पा परत धुतल्याशिवाय गावाला जाणार नाही, हेही लिहून ठेवलं आहे.

सरांना द्यायचं पत्र तयार आहे, दीड पान. त्यात एक सप्टेंबर आहे, सहा ऑक्टोबर आहे, आणि पंचवीस ऑक्टोबरही आहे, आकडा गुपचूप बदलल्याचा. फलकावरचा फोटो काढून टाकावा अशी विनंती शेवटी लिहिली होती, ती खोडली. तो त्यांनी ठरवावा. तात्यांना विचारलं, येता का. छबूबाई म्हणाल्या, लखनच्या गाडीत दोगंजण बसत्याल का, इचार त्येला. लखन म्हणाला, बसतील.

त्या दिवशी माझी सकाळची पाळी आहे. टँकर सव्वानऊला पोचतो, रिकामा व्हायला अर्धा तास लागतो. सोमवार, दहा नोव्हेंबर, पावणेदहा.

तुझी,
राजेश्वरी